गाडीची खरचटलेली चाके आणि घरगुती डागडुजी

व्यापारी कुटुंबात कोणतीही वस्तू टाकून देण्यापूर्वी ती दुरुस्त होते काय, हे पाहण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. फाटलेले पोते सुतळीने शिवले म्हणजे पुन्हा धान्य भरण्याजोगे होते. बिघडलेला काटा कारागिराकडून नीट करून घेतला आणि त्यावर रीतसर मोहोर उठली, म्हणजे तो पुन्हा मालाचे खरे वजन सांगू लागतो. या रीतीला जोडूनच आपल्या वाडवडिलांनी आणखी एक गोष्ट शिकविली आहे : पोते शिवावे, परंतु शिवण लपवू नये. जे दुरुस्त होण्याजोगे आहे ते मनापासून दुरुस्त करावे. जे नाही, ते दुरुस्त झाल्याचे सोंग आणू नये. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही जो लहानसा घरगुती विषय निवडला आहे, त्यात या दोन्ही शिकवणुकींचा प्रत्यय येतो. तो विषय म्हणजे मोटारगाडीच्या खरचटलेल्या चाकांची घरच्या घरी करावयाची डागडुजी.

भाव, कर आणि वायदे यांच्या गंभीर चर्चेत चाकाचा हा विषय काहींस क्षुल्लक वाटेल. तथापि आज आपल्या बहुतेक सभासदांच्या दारी गाडी उभी आहे. कित्येक घरी दोन आहेत. दुकान हनुमानगंजात किंवा जुमेरातीत, मंडी करोंदला, आणि राहणे आमच्याप्रमाणे कोटरा सुल्तानाबाद किंवा नेहरूनगर भागात, अशी ज्यांची दिनचर्या आहे, त्यांस रोज सारे भोपाळ आडवे तिडवे ओलांडावे लागते. अरुंद गल्लीत मालाच्या हातगाडीला वाट देताना, फुटपाथाला लावून गाडी उभी करताना, अगर रात्री दुभाजकाचा अंदाज चुकल्यामुळे चाकाची कड दगडाला घासते. २०१३ साली सुरू झालेला मिसरोद ते बैरागढ हा सुमारे २४ किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग तर दोन्ही बाजूंस कठडे घेऊन उभा होता. तो काढून टाकण्याचे काम २०२४ च्या जानेवारीत बैरागढ बाजूने सुरू झाले. परंतु त्या कठड्यांच्या आठवणी शहरातील पुष्कळ गाड्यांच्या चाकांवर अजूनही कोरलेल्या दिसतात.

चाकाची जात

जिनसेची जात ओळखल्याशिवाय भाव सांगू नये, तसेच चाकाची जात ओळखल्याशिवाय काचकागद हाती घेऊ नये. आमच्या तरुणपणी अँबॅसडर गाडीचे चाक पोलादी असे आणि त्याच्या मध्यावर चकचकीत धातूची टोपी असे. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चे चाकही पोलादीच होते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पोलादी चाक मात्र आजही कमी किमतीच्या गाड्यांना असते आणि त्यावर प्लॅस्टिकची जाळीदार झाकणी बसविलेली असते. झाकणी खरचटली तर चाकाचे काही बिघडत नाही. ती काढावी, धुवावी, रंगवावी किंवा सरळ नवी आणावी. खालचे पोलाद गंजले असेल तर तारेच्या ब्रशने गंज खरवडून, गंजरोधक अस्तर देऊन, वरून चंदेरी इनॅमल द्यावे; एवढ्याने काम भागते.

दुसरी जात अलॉय चाकाची. साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या चाकांचा मान १९२४ साली इटोरे बुगाटी यांनी आपल्या टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीस दिला, आणि पुढे कित्येक दशकांनी ही चाके सामान्य गाड्यांपर्यंत पोचली. आजच्या चाकांच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियमबरोबर सामान्यतः सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अल्पसे मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर चाक भट्टीत तापवून, पाण्यात थंड करून, पुन्हा मंद आचेवर मुरविले जाते. त्यामुळे त्यास ताकद येते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोणी बंबाची ज्योत लावून चाक सरळ करून देतो म्हणाला, तर भट्टीने दिलेली ताकद तो त्याच ज्योतीने हिरावून घेत असतो.

तिसरी जात अलॉयचीच, परंतु तोंड चकाकणारे. यंत्रावर फिरवून त्याचा पृष्ठभाग बारीक तासलेला असतो आणि वर पारदर्शक लेप दिलेला असतो. उजेडात धरले असता तबकडीसारख्या सूक्ष्म वर्तुळाकार रेघा दिसतात. या चाकाची मूळची शोभा काचकागदाने परत येत नाही; त्यास लेथवरच पुन्हा तासावे लागते. तासताना दर वेळी थोडी धातू जाते, म्हणून तेही वारंवार करता येत नाही. असे चाक घरी रंगवावयाचे, तर सबंध तोंड एकाच रंगाचे होईल हे आधी मान्य करावे.

आधी परीक्षा, मग औषध

मंडीत पोत्याच्या तोंडाशी असलेले धान्य पाहून कोणी शहाणा व्यापारी सौदा करीत नाही. तो परखी खुपसून पोटातला दाणा बाहेर काढतो. चाकाचेही तसेच करावे. प्रथम चाक स्वच्छ धुऊन चांगल्या उजेडात पाहावे. केवळ बाहेरची कड आणि तोंड खरचटले असेल, ओरखडा एक-दीड मिलिमीटरहून खोल नसेल, तर ते घरगुती कामाचे क्षेत्र होय. चाक वाकले असेल, कडेचा तुकडा उडाला असेल, आऱ्याच्या मुळाशी अगर आतल्या बाजूस केसासारखी रेघ दिसत असेल, नट जेथे बसतात तेथे इजा असेल, किंवा टायरची कड ज्या जागेवर घट्ट बसून हवा धरते ती जागा बिघडली असेल, तर तेथे लांबी, रंग, काहीही लावू नये. ते चाक जाणत्यास दाखवावे आणि बहुधा बदलावे.

त्याच वेळी टायरची बाजूही हाताने चाचपावी. तेथे अंड्यासारखा फुगवटा आला असेल, तर आतील दोरे तुटले आहेत असे समजावे. असा टायर दिसावयास नवा असला तरी त्यावर भरवसा ठेवू नये. जोराचा धक्का बसल्यानंतर गाडी एका बाजूस ओढू लागली किंवा स्टिअरिंग थरथरू लागले, तर चाकांची जुळणी व तोल तपासून घ्यावा. रंगाचे काम या सर्वांनंतरचे आहे.

या परीक्षेवर आम्ही इतका जोर का देतो, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका निकटच्या नातलगाने वापरलेली गाडी विकत घेतली. चारही चाके आरशासारखी लखलखत होती, आणि सौदा ठरण्यात त्या लखलखाटाचा वाटा मोठा होता. महिन्याभरात एका पुढच्या चाकाची हवा दर आठवड्यास कमी होऊ लागली. दोनदा पंक्चर काढून झाले, व्हॉल्व बदलून झाला, तरी हवा टिकेना. शेवटी आमच्या परिचयाच्या एका वृद्ध टायरवाल्याने चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडविले, आणि शांतपणे बुडबुड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "सेठजी, हवा टायर से नहीं, चक्के से जा रही है." त्याने आतील बाजूचा रंग खरवडला. रंगाखाली लांबी, आणि लांबीखाली बोटभर लांबीचा तडा निघाला.

ती गाडी घेऊन त्या घरची मुलेबाळे दुसऱ्याच दिवशी होशंगाबादच्या रस्त्याने लग्नास निघावयाची होती. भरल्या गाडीत, भर वेगात ते चाक उकलले असते तर काय झाले असते, याचा विचार त्या रात्री त्या घरात सर्वांनी केला, पण कोणी बोलून दाखविला नाही. ज्याने तो तडा बुजविला, त्याच्या हाताला कसब होते. काम इतके सफाईदार होते की आम्हां कोणास शंका आली नाही. म्हणूनच ती गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. ओरखड्यावर लांबी भरणे ही दुरुस्ती होय आणि तड्यावर लांबी भरणे हा घात होय; दोहोंत लागणारे साहित्य मात्र अगदी एकच असते.

जागा आणि ऋतू

रंगास ऋतू मानवावा लागतो. आपल्या भोपाळात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली असते. त्या दिवसांत दिलेल्या लेपावर दुधासारखी पांढुरकी झाक येते, कारण द्रावण उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर बसते. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा रंगाचे कण चाकावर पोचेपर्यंतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. डिसेंबर-जानेवारीच्या गारठलेल्या सकाळी रंग लवकर सुकत नाही व ओघळतो. दिवाळीच्या सुमाराचे दिवस आणि फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी, या दोन वेळा आम्हांस सर्वांत सोयीच्या वाटल्या आहेत. जागा सावलीची, वारा न लागणारी, परंतु हवा खेळती असलेली हवी.

आपल्या धंद्यातील मंडळींस एक विशेष सूचना. दुकानामागे गोदाम आहे, जागा ऐसपैस आहे, म्हणून तेथे हे काम कोणीही करू नये. थिनरचा वास धान्य व बारदान दोन्ही धरून ठेवतात. गव्हाच्या पिठाला थिनरचा वास आला तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. दुसरे त्याहून मोठे कारण असे की धान्याची हवेत तरंगणारी बारीक धूळ स्वतःच पेट घेणारी असते आणि फवाऱ्याची वाफही ज्वालाग्राही असते. दोहोंची गाठ एका ठिणगीशी पडू देऊ नये. घराच्या अंगणातही देवापुढील निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि विडी ओढणारा गडी, ही सर्व दूर असावीत.

साहित्य

साहित्य फार लागत नाही. एक लहान कानस, १८०, २४०, ४००, ६०० आणि १००० नंबरचे काचकागद, त्यांपैकी शेवटचे दोन पाण्यात चालणारे म्हणजे ज्यास रंगारी वॉटर पेपर म्हणतात ते, गाडीच्या पत्र्यास लावतात ती दोन भागांची लांबी, ॲल्युमिनियमवर धरणारे अस्तर, चाकाच्या छटेचा रंग व पारदर्शक लॅकर, दोन्ही फवाऱ्याच्या डब्यांत, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रे, स्वच्छ सुती चिंध्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि हातमोजे, चष्मा व रंगकामाचा मुखवटा. एका चाकासाठी आणलेले सामान बहुधा चारही चाकांस पुरते, म्हणून खर्च चार चाकांत विभागून हिशेब करावा. एकाच चाकावर लहानसा ओरखडा असेल आणि पुढे लागणार नसेल, तर कारागिराकडून करून घेणे कदाचित स्वस्त पडेल. व्यापाऱ्याने हौसेचाही जमाखर्च मांडावा.

कृती

चाक काढूनच काम करावे, हे उत्तम. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक लावावा आणि तिरप्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावा. चाक जमिनीवर असतानाच पान्याने नट किंचित सैल करावेत, मग जॅक चढवावा. चाक काढल्यावर त्या जागी स्टेपनी बसवून गाडी खाली उतरवावी. केवळ जॅकवर टांगून ठेवू नये आणि तिच्याखाली कोणीही जाऊ नये. येथे सहज आठवले म्हणून सांगतो : आपण सर्व ज्यास स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आला. तेथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाकाची युक्ती काढली. इंग्लंडात तो शब्द जवळजवळ विसरला गेला, पण आपल्याकडे प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी आहे.

पहिली पायरी धुण्याची. साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश यांनी ब्रेकची काळी धूळ, डांबर व चिखल काढावा. संडास धुण्याचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा कदापि वापरू नये. दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. वाळल्यावर अल्कोहोलच्या चिंधीने पुसावे. चाकावर तेलाचा अंश राहिला, तर पुढचे सारे श्रम सोलून निघतात.

दुसरी पायरी झाकण्याची. टायर आणि चाकाची कड यांमधील फटीत सर्व बाजूंनी जाड कागदाचे तुकडे एकमेकांवर चढवीत खोचावेत. या कामी पुठ्ठा कापीत बसलो असता आमच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पुठ्ठा कशाला? माळ्यावर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला आहे, त्या घ्या." खरोखर लग्नपत्रिकेसारखा योग्य कागद दुसरा नाही : जाड, गुळगुळीत, आणि कोणत्याही व्यापारी घरात शेकड्याने पडलेला. नटांच्या जागा, मधले छिद्र, व्हॉल्व आणि चाकाची मागची बसण्याची बाजू मात्र टेपने काटेकोर झाकावी. तेथे रंग बसला तर तो नटाखाली चेपला जातो आणि काही दिवसांनी नट सैल पडतात.

तिसरी पायरी घासण्याची. उभे राहिलेले धातूचे टोक प्रथम कानशीने खाली आणावे. मग १८० व २४० च्या कागदाने ओरखडा आणि भोवतालचा रंग समतल करावा. जुन्या लेपाखाली पांढरी भुकटी सरकत गेलेली दिसेल. ते ॲल्युमिनियमचे गंजणे होय. ते जेथे संपते तेथपर्यंत घासत जावे, नाहीतर नव्या रंगाखालीही ते पसरतच राहील. भोके पडलेला भाजीचा बटाटा जसा चांगला भाग लागेपर्यंत कोरावा लागतो, तसाच हा प्रकार. शेवटी ४०० ने कडा अशा उतरत्या कराव्यात की डोळे मिटून बोट फिरविले असता जुना रंग कोठे संपला ते कळू नये. डोळ्यांपेक्षा बोट अधिक खरे सांगते. दाण्याचा ओलावा हातानेच कळतो, हे आपणांस सांगावयास नको.

चौथी पायरी लांबीची. खड्डा उरला असेल तरच ती लावावी. लांबीच्या वजनाच्या सुमारे २ टक्के हार्डनर मिसळावा, डब्यावर वेगळे लिहिले असेल तर ते प्रमाण मानावे. एका वेळी सुपारीएवढीच कालवावी, कारण ती काही मिनिटांत घट्ट होते आणि उन्हाळ्यात त्याहून लवकर. जाड थर एकदम न देता दोन पातळ थर द्यावेत. पूर्ण वाळल्यावर १८०, २४०, ४०० या क्रमाने घासून चाकाची गोलाई साधावी. कागद लाकडाच्या ठोकळ्यावर न गुंडाळता स्पंजाच्या तुकड्यावर गुंडाळला म्हणजे वळण मोडत नाही.

पाचवी पायरी अस्तराची. उघड्या ॲल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही, म्हणून अस्तर आवश्यक आहे. काही अस्तरांत आम्ल असते, ते धातूला घट्ट धरते, परंतु लांबीशी त्याचे जमत नाही. म्हणून डब्यावरील सूचना वाचून, लांबी व धातू दोहोंस चालणारे इपॉक्सी जातीचे अस्तर घेणे बरे. डबा दोन मिनिटे चांगला हलवावा, २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून हात न थांबवता फवारावे. फवारा चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थरामध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. वाळल्यावर ६०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून हलकेच घासावे.

सहावी पायरी रंगाची. चंदेरी म्हणजे एकच रंग नव्हे; गव्हाच्या शरबती आणि लोकवन या नावांखालीही जितके दाणे तितक्या छटा असतात, तसेच हे. आधी एका लग्नपत्रिकेवर फवारून, वाळल्यावर चाकाशेजारी उन्हात धरून पाहावे. पहिला थर इतका विरळ असावा की अस्तर अर्धे दिसत राहावे; तिसऱ्या-चौथ्या थरात पूर्ण झाकले जाते. एका थरात झाकण्याच्या घाईनेच रंग ओघळतो. आमच्या घरी हा फवारा नातवाहून सूनबाईंच्या हाती अधिक नितळ बसतो. रांगोळीने हाताला जो एकसारखेपणा येतो त्याचाच हा गुण असावा.

सातवी पायरी पारदर्शक लॅकरची. दोन-तीन थर द्यावेत. थराला हात लागण्याजोगे कोरडेपण तासाभरात येते, परंतु आतून मुरण्यास दिवस लागतात. चाक एक रात्र तरी तसेच ठेवावे, आणि पुढे आठवडाभर गाडी जोराच्या पाण्याने धुऊ नये. जुन्या-नव्या रंगाची सीमा दिसत असेल, तर आठवड्यानंतर १००० च्या कागदाने पाण्यात अलगद घासून पॉलिश लावावे.

परत बसविताना

चाक परत चढविताना सर्व नट प्रथम हातानेच फिरवून बसवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने, ताऱ्याची आकृती काढावी तसे आवळावेत. अखेरची घट्टाई गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने करावी. पान्यावर उभे राहून जोर काढण्याची पद्धत नटाचे आटे बिघडविते. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर आवळण पुन्हा तपासावी. टायरची हवाही त्याच वेळी मोजून घ्यावी.

जिवाची आणि पाण्याची काळजी

सुकी घासणी करताना उडणारी धूळ फुफ्फुसास वाईट. शक्यतो पाणी लावून घासावे आणि मुखवटा लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवील, वाफ अडविणार नाही. बाजारात दोन भागांचे, हार्डनर मिसळावयाचे लॅकर मिळते. ते अधिक टिकाऊ खरे, परंतु त्यातील आयसोसायनेट श्वासात गेल्याने दम्यासारखा विकार जडू शकतो. ते हवापुरवठ्याच्या मुखवट्यासह काम करणाऱ्या कारखान्यांवरच सोपवावे. घरी एकाच भागाचा साधा डबा बरा. मुले, गर्भवती स्त्रिया आणि दम्याचे रोगी यांस त्या वेळी अंगणात येऊ देऊ नये.

रंगाचे पाणी, थिनर आणि लांबीचा चुरा गटारात सोडू नये. आपली वस्ती मोठ्या तलावापासून दूर नाही. भोज पाणथळ क्षेत्राला २००२ साली रामसर यादीत स्थान मिळाले आहे आणि त्याच तलावाचे पाणी शहरातील कित्येक घरांत प्यावयास येते. चुरा कागदावर झेलून, वाळवून, पुडी बांधून कचऱ्याच्या गाडीत वेगळी द्यावी. रिकामे डबे जाळू नयेत, कारण ते फुटतात.

विकण्याची वेळ येते तेव्हा

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. गाडी आज ना उद्या विकली जाते. घरी नीट केलेले चाक पाहून गिऱ्हाईक खूष होईल. त्या वेळी त्यास सांगावे, की या चाकाची कड घासली होती, आम्ही ती अशा रीतीने भरली आहे, आत तडा नाही, पाण्यात बुडवून पाहा. असे सांगितल्याने किमतीत दोन पैसे कमी येतील असे कोणास वाटेल. आमचा चाळीस वर्षांच्या आडतीचा अनुभव निराळा आहे. ज्याने पोत्यातला डागी दाणा स्वतः काढून दाखविला, त्याच्या पुढच्या शंभर पोत्यांना लोकांनी परखी लावली नाही.

त्या नातलगाच्या घरी नवे चाक आले, जुने चाक भंगारात गेले. भंगारात देण्यापूर्वी टायरवाल्याने त्यावर घण घालून त्याची कड मोडून टाकली. त्यास कोणी तसे सांगितले नव्हते. विचारले तेव्हा म्हणाला, "नहीं तो कोई फिर रंगके बेच देगा." दिवसाला काही मोजक्या रुपयांची कमाई करणाऱ्या त्या माणसाने अनोळखी कुटुंबाचा जीव ध्यानी घेतला. व्यापारात पत म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आमच्या बंधुभगिनींस नम्र विनंती अशी की, येत्या हिवाळ्यात एखाद्या रविवारी घरच्या मुलामुलींस बरोबर घेऊन एक चाक स्वतः दुरुस्त करून पाहावे. हाताला काळे लागेल, पाठ थोडी दुखेल, दोन रुपये वाचतील. मुलांस कागदाचे नंबर आणि रंगाचे थर कळतील. त्याबरोबरच आधी परीक्षा करावी, मग हात घालावा, आणि जे भरून येण्याजोगे नाही त्यावर रंग चढवू नये, एवढे त्यांच्या ध्यानी राहिले तरी या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.